श्री. क सुधारतात

टिमकीतल्या विणकर सोसायटीचे अध्यक्ष रुपराव हेडाऊ इतवारीत खाकरले, तर सीताबर्डीतले दुकानदार शटर ओढत. दंगल झाली असं वाटे त्यांना. त्या माणसाला एकोणऐंशीच्या मे महिन्यात एका वर्गात, शेवटच्या बाकावर, तोंड मिटून बसवलं होतं.

सिव्हिल लाइन्समध्ये एक संस्था होती. तिथं सरकारी साहेबलोकांना देश कसा सुधारायचा ते शिकवत. प्रोफेसर वझलवारांनी रुपरावांच्या सोसायटीवर एक धडा लिहिला होता. त्याला ते केस म्हणत. सोसायटीचं नाव 'अ', रुपराव म्हणजे 'श्री. क', आणि शेवटी प्रश्न : या सोसायटीला सरकारी भावाचं सूत द्यावं की बंद करावं?

साहेबांना तो अभ्यास होता, रुपरावांना गळफास. कारण पहिल्या बाकावर हातमाग खात्याचे ठवरेसाहेब बसले होते, आणि पुढच्या आठवड्यात खऱ्या कागदावर खरी सही तेच करणार होते. सूत बंद झालं की गल्लीतल्या मागांचं सरपण होणार.

"तुम्ही शेवटी पाच मिनिटं बोला," प्रोफेसर म्हणाले. "तोवर तुम्ही इथं नाही असं समजायचं."

उन्हाळ्यामुळे वर्ग सातलाच भरला. एका साहेबांनी वाचलं, "सकाळी पाहणी केली असता एकही माग चालू नव्हता. सभासद बायकापोरांसह रस्त्यावर उभे होते. श्री. क यांना बदल नको आहे."

"या क मध्ये नेतृत्वगुण नाहीत," एक म्हणाला.

"पीत असेल," दुसरा म्हणाला.

रुपरावांनी जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. ते उठले. "तो क म्हणजे मी आहो! अन् रस्त्यावर उभे नोव्हतो गा, पांजण करून राहिलो होतो!"

एका घराचा ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, गल्लीभर ताणायचा, त्याला खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्यांनी सूत न् सूत मोकळं करायचं, ही पांजण. त्याला गल्लीतला प्रत्येक हात लागतो. मग माग चालवणार कोण?

"एवढं सूत ताणलेलं तुमाले दिसलं नाही काय, प्रोफेसरसाहेब?"

"दिसलं ना. मला वाटलं, कुणाच्या लग्नाच्या पताका लावताय."

"मंग खोडा ते!"

"मुद्दा छान आहे," वझलवार हसले. "पण केसमध्ये नसलेली माहिती आपण विचारात घेत नाही. हं, सूत बंद करावं, कोण म्हणतं?"

हात वर झाले. ठवरेसाहेबांचाही झाला. रुपरावांनी पुढे येऊन तोच हात मनगटाशी धरला, साहेबांना बाहेर नेलं, सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि अशी पेडल मारली की रिझर्व्ह बँकेच्या चौकातला पोलीस दोन दिवस तोंड उघडं ठेवून उभा होता म्हणतात.

टिमकीत पांजण ऐन भरात होती. ओल्या ताण्याजवळ रिकाम्या हातानं कुणी उभं राहायचं नाही, हा गल्लीचा रिवाज. रुपरावांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, साहेब ओळखला नाही. "काहून नुसते उभे राहून राहिले बाप्पा? धरा कुंचा!"

साहेबांनी धरला. कोपरापर्यंत खळ लागली, टाय शेजारच्याच्या चालत्या कुंच्यात अडकला, आणि टायमागून साहेब गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं कुणीतरी त्यांना कात्रीनं सोडवलं. घाम पुसत ते म्हणाले, "सूत चालू राहील."

इथंच थांबतं तर रुपराव शांत झाले असते. पण दिवाळीला प्रोफेसर मिठाई आणि केसचा भाग दोन घेऊन आले. त्यात लिहिलं होतं : 'संस्थेच्या प्रशिक्षणामुळे श्री. क यांची मनोवृत्ती बदलली. आता सभासद रोज सकाळी एकत्र येऊन काम करतात.'

प्रोफेसरांची पाठ वळताच रुपराव उसळले. "माह्या आज्यापासून गल्लीत पांजण होते, अन् हा म्हणते म्यां शिकवली!"

"सूत भेटलं ना? मंग काहून तणतणून राहिले?" अनुसयाबाई म्हणाल्या.

"अवं, मले सुधारलं म्हणते तो!"

"म्हणू द्या. ठवरेसाहेबानं मंजुरीत तेच कारण लिहिलं म्हणते ना? तुमी नाही म्हटलं, का सूत गेलं."

म्हणून जानेवारीत प्रोफेसरांनी बोलावल्यावर रुपराव नव्या तुकडीपुढे आणि पाहुणे म्हणून आलेल्या ठवरेसाहेबांपुढे उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, गल्लीतला एकेक माग आठवला आणि म्हणाले, "मी श्री. क. मी सुधारलो." टाळ्या पडल्या. प्रोफेसरांनी खांद्यावर शाल घातली. रुपरावांचा अंगठा सवयीनं काठावर फिरला. शाल हातमागाची नव्हती, पॉवरलूमची होती.

त्यांनी ती उतरवली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"काय झालं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"तुमच्या केसमध्ये नाही ते," रुपराव म्हणाले आणि चालू लागले. मागं टाळ्या अजून वाजत होत्या. पहिल्या बाकावरून ठवरेसाहेबांच्या सगळ्यात जोरात.