खोकल्यासाठी सोडलेली जागा

गावात त्याला 'दोन शब्द' म्हणत. कुणी गेलं की दूध संकलन केंद्राच्या हॉलमध्ये शोकसभा व्हायची, आणि हा माईक हातात घेऊन म्हणायचा, "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे." एवढं ऐकलं की मागच्या गोठ्यातल्या गाईंनासुद्धा कळायचं, आज धार काढायला उशीर होणार.

शहरातल्या कॉलेजात भाषा शिकवून निवृत्त झालेला आणि गावी परतून गावाच्या उपयोगी पडायचा ध्यास घेतलेला माणूस म्हणजे काय संकट असतं, हे त्याचं त्याला पुरतं ठाऊक होतं. ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, गाय त्याला जवळ येऊ देत नव्हती. गेलेल्यांबद्दल चांगलं बोलता मात्र यायचं, आणि गेलेले तक्रार करत नसत.

तक्रार करत त्या त्याच्या वहिनी. थोरल्या भावाची बायको, सगळ्या गावाचे कपडे शिवणारी. सभेत त्या पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसत. ह्याच्या बोलण्यात खोटं आलं की खोकत, आणि भाषण लांबलं की खुर्चीखाली पायानं चपला शोधू लागत. खोकला मोठा नसायचा, पण हॉलभर ऐकू जायचा. डेअरीचे जुने चेअरमन गेले तेव्हा हा म्हणाला होता, "त्यांचं मन दुधासारखं निर्भेळ होतं." त्यावर वहिनींना असा ठसका लागला की कुणीतरी पाणी आणायला धावलं.

लोक सभेला श्रद्धांजलीसाठी येतात की खोकल्यासाठी, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. उलट त्यानं एक युक्ती अंगवळणी पाडली होती. मोठंसं विशेषण टाकलं की किंचित थांबायचं, खोकल्याला जागा द्यायची, मग पुढचं वाक्य. त्यानं हशा पिकायचा, गेलेला माणूस जरा माणसासारखा वाटायचा, आणि भाषण छान झालं असं लोक म्हणायचे. श्रेय अर्थातच तो एकटा घ्यायचा.

आता वहिनीच गेल्या. त्याच सुमारास गावचा वायरमनही गेला, म्हणून डेअरीनं दोघांची सभा एकत्रच ठेवली.

सभेच्या दिवशी सकाळी तो दादांकडे गेला. दादा शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसले होते. वहिनी गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. आधीही त्यांची पाळी क्वचितच यायची.

"दादा, भाषण लिहिलंय. वाचून दाखवू?"

"वाच."

"प्रेमळ, शांत, मितभाषी. आयुष्यात ज्यांनी कधी कुणाला शब्दानं दुखावलं नाही..."

दादांनी मशीनचं चाक हातानं उगाचच एकदा फिरवलं. "ही बाई कोण?"

"दादा, अशा वेळी बोलायची एक रीत असते."

"रीत तुझी. तू सगळ्या गावाला एकाच मापाचा शर्ट घातलास, मी काही म्हणालो नाही. हिला घालू नकोस. हे घर आता इतकं गप्प आहे की मला झोप येत नाही. तिथं तरी ती मला ओळखू आली पाहिजे. नाहीतर मी येतच नाही."

तो घरी येऊन पुन्हा लिहायला बसला. खरं असं होतं की वहिनींची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती. माप घेताना कंबर किती भरली हे त्या रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत आणि वर विचारत, "खाणं वाढलंय की बसणं?" हे श्रद्धांजलीत बसवायचं कसं?

"अहो, खरं तेच लिहा ना," बायको म्हणाली.

"खरं लिहिलं तर दोनच शब्द होतील."

"मग काय बिघडलं?"

हॉल भरला होता. दादा आले, पण मागे बसले. कडेची खुर्ची कुणी न सांगताच रिकामी ठेवली होती. त्यानं वायरमनपासून सुरुवात केली. "ज्यांनी या गावाला अखंड प्रकाश दिला..." आणि सवयीनं थांबला.

सगळा हॉलही थांबला. बायामाणसं, डेअरीचे लोक, सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. काहीच आलं नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण इतकी वर्षं एकटे बोलत नव्हतो. आणि आपण नि वहिनी, या दोघांत बोलण्यासारखं ज्याच्याकडे काही होतं, तो माणूस आपण नव्हतो.

वायरमनचं त्यानं कसंबसं उरकलं. मग वहिनींचं नाव घेतलं. नवीन काही लिहून झालं नव्हतं, आणि तोंड आपल्या जुन्या वाटेनं आपोआप चालू लागलं. "प्रेमळ, शांत, मितभाषी..."

मागे कुणीतरी खोकलं. विहिरीवरची मोटर बऱ्याच दिवसांनी चालू करावी तसा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. दादा समोर बघत बसले होते, कानापर्यंत लाल होऊन.

"बरं," तो म्हणाला. "शांत नव्हत्या."

"अजिबातच नव्हत्या," दूध मोजणारा म्हणाला.

"मितभाषी तर मुळीच नव्हत्या. मी निवृत्त होऊन आलो, तेव्हा माझ्या एका शर्टाची कॉलर त्यांनी उसवून, उलटी करून शिवून दिली. म्हणाल्या, अंग धड आहे याचं, मान तेवढी झिजलीय, ताठ ठेवून ठेवून. मला आठवडाभर वाटत होतं, त्या शर्टाबद्दलच बोलल्या. तोच शर्ट आत्ता अंगात आहे."

लोक हसले. त्यानं चोरून दादांकडे पाहिलं. खोकला नव्हता.

"त्या तोंडावर म्हणायच्या, जाडा झालास. आणि शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायच्या. मी एकदा विचारलं, का? तर म्हणाल्या, माणूस आहे, सुटणारच. दर वेळी नवं कापड कुठून आणेल?"

वायरमनचा थोरला मुलगा वडिलांचा शर्ट घालून आला होता. त्यानं कुशीची शिवण चिमटीत धरून पाहिली आणि तशीच धरून ठेवली.

'असं व्यक्तिमत्त्व पुन्हा होणे नाही' हे शेवटचं वाक्य 'दोन शब्द'च्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं प्रत्येकासाठी वापरलं होतं, चेअरमनसाठी तर दोनदा. तेवढ्यात त्याला दिसलं, दादा खुर्चीखाली पायानं चपला शोधत होते.

"एवढंच," तो म्हणाला आणि खाली बसला.

बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावला. "बरं वाटत नाहीये का?"

बाहेर दादा त्याची वाट पाहत उभे होते. म्हणाले, "खोकला जमला का?"

"सरावानं येईल, दादा."

"पुढच्या सभेला कडेच्या खुर्चीवर बसतो मग."

"बसा," तो म्हणाला. "मी थोडं खोटं तयार ठेवतो."