पालींच्या गावाची दफनभूमी

क्रिसांतोंची शवपेटी बैठकीच्या खोलीत होती आणि अंगणात पत्त्यांचा डाव रंगात आला होता. कुरिमाओ गावात मयताच्या घरी शांतता ठेवणं वाईट दिसतं. नॉर्मिता खिडकीपाशी बसून आल्याच्या पेजेचे वाडगे भरत होती आणि बाहेरचं बोलणं ऐकत होती.

“उतारी कर तुझी. आणि मला एक सांग,” न्हावी म्हणाला, “त्या पालींच्या महापौराची शेपटी तुटली, तर तो खुर्ची सोडतो की नवी उगवेपर्यंत गाव थांबतं?”

“सोडतो,” मासळीवाली पानं लावत म्हणाली. “क्रिसांतोनेच सांगितलंय मला.”

“मला तर म्हणाला थांबतात.”

“तुझ्यापासून सुटका करून घ्यायला म्हणाला असेल. अर्धी दाढी ठेवून प्रश्न विचारायचास तू. वस्तरा गळ्यावर असताना माणूस काय वाद घालणार?”

हसू उसळलं. नॉर्मितालाही आलं, आणि ते आल्याबरोबर तिने हातातला वाडगा उगीचच पुसला.

तिच्या वडिलांनी तरुणपणी मनिलात एक कार्टूनपट केला होता. एकच. घराच्या तक्तपोशीवर पालींचं एक गाव असतं; आपलं छत ती त्यांची जमीन, आपली जमीन ते त्यांचं आभाळ. चित्रपट फारसा चालला नाही, पण दर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात टीव्हीवर लागायचा, आणि त्या दिवसांत दुसरं काही लागत नसे. सगळं गाव तो पाठ म्हणायचं. क्रिसांतो म्हातारपणी परत आले तेव्हा बाजारात, चर्चच्या पायरीवर, बसथांब्यावर लोक त्यांना अडवायचे. मडकी उलटी टांगलेली, मग पाणी सांडत कसं नाही? चुलीचा धूर वर जातो, म्हणजे यांच्या पायांकडे, मग यांचे तळवे काळे का नाहीत? क्रिसांतो थांबायचे, छत्री काखेत धरायचे आणि गंभीरपणे उत्तर द्यायचे. काळेच असतात, म्हणायचे, म्हणून तर पालींच्या गावात पाहुण्याने आत येताना आधी पाय दाखवायचे असतात.

एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि तो प्रश्न नॉर्मिताचा होता. आई गेली त्याच वर्षी चित्रपट आला. लावाग शहरातल्या थिएटरातून परत येताना तीनचाकीत वडिलांच्या मांडीवर बसून तिने विचारलं होतं, मेलेल्या पाली कुठे जातात? त्यांची दफनभूमी कुठाय? वडील रस्त्याकडे बघत म्हणाले होते, “काढायचीच राहिली बघ.”

ती मोठी झाली, बाग्यूच्या कॉलेजात साहित्य शिकवू लागली, ज्यांनी ज्यांनी मृत्यूवर काही बरं लिहिलं आहे त्यातलं बरंचसं तिने वाचलं. पण ज्या माणसाने पालींचे दिवे कोण लावतं इथपर्यंत विचार केला, तो बायको गेल्याच्या वर्षी मेलेल्यांनाच कसा विसरला, हे कोडं तिला कुठल्याही पुस्तकाने सोडवून दिलं नाही. वडिलांना पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही. आता विचारायला ते नव्हते.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी रुफो आला. तो मनिलाच्या स्टुडिओत क्रिसांतोंच्या शेजारच्या मेजावर बसायचा, मागची दृश्यं रंगवायचा. नॉर्मिता त्याला लहानपणापासून तितो, म्हणजे काका म्हणायची, जशी वडिलांना तातांग. डोकं पूर्वीच तुळतुळीत झालेलं, अंगात काळा शर्ट, आणि बगलेत मोठा लिफाफा. पेटीजवळ बराच वेळ उभा राहून तो तिच्याकडे आला.

“ही वेळ नाही हे मला कळतं,” तो म्हणाला. “पण परवा मी जाणार, आणि तिकडे स्टुडिओतली पोरं हात बांधून बसलीत.”

चित्रपट नव्याने रंगवून पुन्हा दाखवायचा होता. खराब झालेले तुकडे रुफो पुन्हा काढत होता, आणि स्टुडिओला त्यात एक दृश्य वाढवून हवं होतं. कारण मुलं तेच विचारतात: मेलेल्या पाली कुठे जातात? त्याने लिफाफ्यातून चित्र काढलं. तक्तपोशीला ओळीने टांगलेले इवलेसे क्रूस, प्रत्येकापाशी एक काजवा. चित्र सुंदर होतं. तुझ्या होकाराशिवाय लावणार नाही, असं तो म्हणाला.

“नको,” नॉर्मिता म्हणाली.

“नीट बघ तरी.”

“बघितलं, तितो. तातांगनी जे काढलं नाही, ते तिथे नाही. बाकी सगळं त्यांचं लोक वाटून घेतात, अंगणात बघा. ही एक जागा त्यांनी मोकळी सोडली, ती तरी तशीच राहू द्या.”

रुफोने चित्र लिफाफ्यात घातलं. तो पेज प्यायला, पत्त्यांत हरला आणि महापौराची शेपटी उगवेपर्यंत गाव थांबतं, अशी साक्ष न्हाव्याच्या बाजूने देऊन त्याने मासळीवालीची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. त्याच्या दुसऱ्या सकाळी घरची माणसं रिवाजाप्रमाणे डोकं धुवायला समुद्रावर गेली.

हे काम इकित बासिल्याचं. ती क्रिसांतोंची थोरली बहीण, नॉर्मिताची इकित, म्हणजे आत्या. ऐंशी ओलांडली तरी कंबर ताठ. तिने भाताचा पेंढा जाळून त्याची राख पाण्यात कालवून आणली होती, आणि बाटलीत उसाची दारू. एकेकाने गुडघाभर पाण्यात जाऊन तिच्यापुढे वाकायचं, ती डोक्यावर राखेचं पाणी ओतणार, बोटांनी चोळणार, वर थोडी दारू, मग समुद्राचं पाणी. नॉर्मिताची पाळी आली.

“याने काय होतं, इकित?” वाकल्या वाकल्या तिने विचारलं.

“मला काय ठाऊक. मान खाली घाल, डोळ्यांत जाईल.”

म्हातारीची बोटं कडक होती. राखेचा वास, दारूचा वास, आणि मग खारं पाणी. नॉर्मिताने तोंड पुसलं आणि बाजूला झाली. तेव्हा तिला दिसलं की तिच्या मागे, पँट गुडघ्यांवर दुमडून, रुफो रांगेत उभा आहे.

“तू कशाला?” बासिल्या म्हणाली. “हे घरच्यांचं असतं.”

रुफो गोंधळला. “मला वाटलं, मयताला आलेल्या सगळ्यांचंच. आमच्या मनिलाकडे असलं काही नसतं. राहू दे मग. मी जातो.”

तो वळला. वाळूपर्यंत पोचायच्या आत बासिल्याने हाक मारली.

“क्रिसांतोच्या शेजारी किती वर्षं बसलास?”

“दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून.”

“मग ये. वाक.”

“पण इकित,” नॉर्मिताचा चुलतभाऊ काठावरून म्हणाला, “धुणार काय? तिथं काहीच नाहीये.”

“तू गप्प बैस.” बासिल्याने त्या तुळतुळीत डोक्यावर राखेचं पाणी ओतलं आणि इतरांच्या डोक्यांना चोळलं तितक्याच नेटाने चोळलं, मागे, कानांमागे, कपाळावर. दारूही हात राखून ओतली नाही. रुफोचे खांदे हलायला लागले. ती थांबली नाही. ते थांबेपर्यंत चोळत राहिली, आणि मग समुद्राचं पाणी घातलं.

केस वाळवायला नॉर्मिता वाळूवर बसली. रुफो शेजारी येऊन बसला, डोक्यावर रुमाल टाकून.

“तुझा नकार मी कळवतो त्यांना,” तो म्हणाला. “एका अर्थी बरंच. तेव्हाही ते दृश्य काढून टाकलं होतं, आताही नाही.”

“काढून टाकलं?”

“दफनभूमीचं.”

“ते काढायचंच राहिलं होतं, तितो. तातांगनी मला स्वतः सांगितलंय.”

रुफोने डोक्यावरचा रुमाल काढला. “राहिलं? अगं, त्याने काढलं, मी रंगवलं. निळं होतं सगळं. संगीतही बसवून झालं होतं. चित्रपट थिएटरात लागायच्या आदल्या आठवड्यात त्याने ते कापलं. मालक केवढा ओरडला. क्रिसांतो म्हणाला, माझी मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे. तिने आत्ताच आईला पुरलंय. तेच बघायला ती थिएटरात येणार नाही.” रुमाल पिळत तो म्हणाला, “मला वाटलं, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, म्हणूनच नको म्हणालीस.”

नॉर्मिताने ओल्या केसांचा पिळा केला आणि सोडला. वडील विसरले नव्हते. तिच्यासाठी एका अख्ख्या गावाला त्यांनी न मरणारं करून टाकलं होतं, आणि नंतर आयुष्यभर, कुणी विचारलं की स्वतःलाच वेंधळं ठरवून घेत होते.

“काय होतं त्यात?” तिने विचारलं.

“खरं सांगू? आठवत नाही. निळा रंग तेवढा आठवतो, कारण तो मी घोटला होता.”

“तुमच्या नव्या चित्रात क्रूस आहेत, काजवे आहेत. पण पाली नाहीत.”

“दफनभूमीत कोण असणार?”

“मागे राहिलेल्या.” ती त्याच्याकडे वळली. “दृश्य घ्या, तितो. माझा होकार आहे. आता मी पहिल्या रांगेत बसले तरी चालेल. पण मेलेल्या कुठे जातात ते दाखवू नका, ते आपल्यालाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या काय करतात ते दाखवा. डोकं धुतात.”

“पालींना केस नसतात, नॉर्मिता.”

“तुम्हाला कुठे आहेत?”

रुफो आधी हसला, मग वाळूवर बोटाने रेघा मारू लागला. एक म्हातारी पाल, ताठ कंबरेची, पुढे वाकलेली दुसरी, मागे रांग. बासिल्या राखेच्या पाण्याचा घडा घेऊन जवळ आली आणि वाकून बघू लागली.

“ही मी वाटतं? तोंड एवढं मोठं आहे का माझं?”

“पाल आहे ती, इकित.”

“असेल. पण मला सांगा, तुमच्या गावात ही सगळ्यांचं धुते, मग हिचं कोण धुतं?”

रुफोचं बोट थांबलं. त्याने नॉर्मिताकडे बघितलं. ती बासिल्याच्या डोक्याकडे बघत होती. पांढरा अंबाडा सकाळी बांधला तसाच होता, कोरडा. भाऊ तिचा गेला होता, आणि सगळी सकाळ ती इतरांची डोकी धूत उभी होती.

“राख उरली आहे का?” नॉर्मिताने विचारलं.

“तळाला थोडी आहे. का?”

नॉर्मिताने तिच्या हातातून घडा घेतला, दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला पाण्याकडे नेलं. तुला जमणार नाही, नीट चोळता येत नाही तुला, असं बासिल्या वाटभर म्हणत होती. पाणी गुडघ्यांना लागल्यावर तिने स्वतःच अंबाडा सोडला आणि मान खाली घातली.