मालूचं माप

"काळूदादा, अजून लागतंय," मालू गाडीतूनच म्हणाली.

माझं टाळकंच सरकलं. दोन दिवस खपून बसवलेली सीट, आणि बाईचं डोकं अजून छताला!

"लागेल कसं? मी इंचात नाय, सुतात माप घेतलंय. बसा बरं सरळ."

ती सरळ बसली, आणि खरंच, डोकं छताला टेकलं. छताच्या कापडावर बरोबर त्याच जागी खोबरेल तेलाचा काळपट डाग होता, चार वर्षांचा.

पेणमध्ये तीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा बनवतोय, पण मालूएवढी उंच बाई माझ्या दुकानात आली नव्हती. राहते कासूला. तिची गाडी म्हणजे काडेपेटी. तिच्यातून ती रोज चार बायांना धाटावच्या कंपनीत सोडते आणि शिफ्ट सुटली की घेऊन येते. चार वर्षं मान वाकडी करून गाडी हाकली, आता उजवा हात बधिर व्हायला लागलाय. रोह्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मान अशीच राहिली तर हात कामातून जाईल, गाडी सोडा. मालू गाडी सोडायला तयार नव्हती. म्हणून तिच्या नवऱ्यानं, पोपटनं, पनवेलहून बकेट सीट आणली. शर्यतीच्या गाड्यांत असते तसली, अंगाला कवेत घेणारी.

ही सीट खाली बसते असं सगळ्यांना वाटतं. पण तिच्याबरोबर येणाऱ्या तयार स्टँडवर ठेवली, की मूळ सीटपेक्षा वरच जाते. मी तो स्टँड भंगारात टाकला, जाड पट्टीचे कोन बनवले आणि मूळच्या भोकांतच बोल्ट घेतले. माझ्या हिशेबानं डोक्यावर दोन बोटं जागा राहायला हवी होती.

"दादा, खालचा पत्रा कापून अजून खाली नाय का घेता यायची?" पोपटनं विचारलं.

"पत्रा कापायचा नाय! उद्या गाडी ठोकली तर सीट कशाला धरून राहील? तसलं काम माझ्या दुकानात होत नाय."

मी टेप उचलला, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. परवा दुकानातल्या स्टुलावर बसवून मी मालूचं माप घेतलं होतं.

"ताई, परवा मापाला तुम्ही वाकून बसला होतात का?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"अहो, सरळ बसायला काय झालं होतं? माझी दोन दिवसांची मेहनत पाण्यात!"

"मुद्दाम नाय वो केलं," ती हळूच म्हणाली. "कुणी माझ्याकडं निरखून बघाय लागलं का मान आपोआप खाली जाते. बघायला पाहुणे यायचे, तवा आई कानात सांगायची, वाक गो जरा, वाक. तेराव्या स्थळाला ह्यांनी व्हय म्हटलं. लग्नाच्या फोटोतबी मी खुर्चीवर नि हे उभे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी मीच दात काढून म्हणालो होतो, ताई, तुम्हाला सीट कशाला, छतालाच भोक पाडून देतो. आणि त्यानंतर लगेच माप घेतलं होतं. वाकेल नाही तर काय करेल!

शेजारी माझ्या भावाचा, जनूचा, गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती पाटावर बसवली की जनू आधी ओळंबा सोडून पाठ सरळ आहे का बघतो, मग रंगाला हात लावतो. मी त्याचा पाट आणि ओळंबा मागून आणला. पाट भिंतीशी ठेवला, ओळंबा खिळ्याला लटकवला.

"ताई, पाठ ह्या दोरीला समांतर. माप पोपट घेईल. मी बघत नाय," असं म्हणून मी पाठ फिरवली.

मागे पाट सरकल्याचा आवाज आला. "आणखी सरळ बस, गो," पोपट म्हणत होता. "आणखी. हां, आता." मग तो मोठ्यानं हसला. "दादा, दीड इंच जास्त भरली!"

आता ही दीड इंच जागा आणायची कुठून? एकच वाट होती. सीट ज्यांच्यावर पुढंमागं सरकते, त्या पट्ट्या काढायच्या, फोम तासायचा आणि सीट कायमची आवळून टाकायची.

"पण पोपट, मग ती मालूताईंच्याच पायाला बेतलेली राहणार," मी म्हणालो. "तुझे पाय क्लचला पोचायचे नायत."

पोपटचा चेहरा उतरला. गाडी त्याच्या नावावर. आठवडाभर तो शेतात, पण रविवारी चकचकीत पुसून स्वतः रोह्याला घेऊन जायचा. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"ऱ्हाऊ द्या, दादा," मालू म्हणाली. "हाय तेवढं बास. मी घेईन सांभाळून." आणि तिची मान पुन्हा खाली गेली.

पोपटनं ते पाहिलं आणि तो एकदम भडकला. "सांभाळून काय घेशील, कपाळ? हात जायचाय तो तुझा का माझा? चालवतेस तू. मी बाजूला बसेन. दादा, काढा त्या पट्ट्या!"

दुपारी काम झालं. मालू आत बसली. मी तिच्या डोक्याच्या आणि छताच्या मधून दोन बोटं फिरवली, केसाला धक्का लागला नाही. तिनं वर त्या डागाकडे पाहिलं, मग वाकून बघायच्या बेतानं लावलेला मधला आरसा नव्यानं सरळ केला.

"हे छताचं कापड बदलून देऊ?"

"नको. असू दे."

पोपट बाजूला जाऊन बसला आणि खिडकीतून त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, दोघांचा एक फोटो काढा की."

मी समोर जाऊन उभा राहिलो. काचेआड दोघं शेजारी बसलेली, ती त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, तशी तिची मान सवयीनं खाली जायला लागली. मी थांबलो. बोट बटणावर तसंच ठेवलं.

मान अर्ध्यावर अडली. मग हळूहळू वर आली आणि सरळ राहिली.

मी फोटो काढला.