मेन कॉक बंद

आमच्या घरात कुठल्याही दुखण्याला एकच शास्त्र लागू पडतं, ते म्हणजे नळाचं. बाबांनी जन्मभर प्लंबिंग केलं, दादा तेच करतो आणि मी दुकानात बसून पाइप, एल्बो आणि वॉशर विकते. कुणाला सर्दी झाली तरी ‘वॉशर गेलंय’ असं निदान होतं. हसायला ठीक आहे. पण बाबांचं पोट वाढायला लागलं तेव्हा या शास्त्राने आमची जी वाट लावली, ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

आधी कुणी मनावरच घेतलं नाही. आई म्हणाली, ‘वयानं सुटलंय.’ बाबा म्हणाले, ‘गॅस आहे.’ हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तट्ट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, वाकून बुटाची नाडी बांधता येईना, तरी गॅसच! शेवटी मी भांडभांड भांडून दादाला त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे पिटाळलं.

दादा पायरीवरूनच ओरडत आत आला. ‘जलोदर आहे म्हणे! पोटात पाणी झालंय.’

‘आणि करायचं काय?’ मी विचारलं.

‘लघवी होण्याची गोळी दिलीये. मीठ बंद करायला सांगितलंय.’

‘मीठ काय, डॉक्टर सगळ्यांनाच बंद करायला सांगतात,’ बाबा खुर्चीत टेकत म्हणाले. ‘मुद्दा पाण्याचा आहे. घरात पाणी भरलं तर पहिल्यांदा काय करायचं?’

‘मेन कॉक बंद,’ दादा म्हणाला.

‘शाब्बास!’

मी म्हटलं, ‘अहो बाबा, डॉक्टर पाणी बंद करा म्हणाले का? नाही ना?’

‘त्यांना कुठे पाण्याची कामं करावी लागतात?’ बाबा म्हणाले. दादा हसला. आईने तर लगेच त्यांच्या उशाचा तांब्या उचलून आत नेला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्या दिवसापासून बाबांना घोटाघोटाने पाणी. गोळीपुरतं एक वाटी सकाळी आणि एक संध्याकाळी. सूप बंद, दूध बंद, रसाळ फळ तर नजरेलाही नको. सगळं कोरडं. आता कोरडं म्हणजे काय, तर खारे दाणे, खारी बिस्किटं आणि वर मीठ भुरभुरलेले बटाट्याचे काप! जे सोडायला सांगितलं ते पोतंभर आत आणि ज्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता ते बंद. मी मिठाची बरणी माळ्यावर ठेवली तर आईने शिडी लावून खाली काढली. ‘बिचाऱ्याचं पाणी तोडलंय, आता चवही तोडू का?’ म्हणाली.

त्यात येणारे-जाणारे. जलोदर म्हटलं की लोकांच्या भुवया कपाळात जातात. ‘पण हे तर घेत नव्हते ना?’ शेजारच्या काकूंनी आवाज बारीक करून विचारलं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्या दिवशी ते आईला म्हणाले, ‘यापुढे गॅसच सांग.’

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत झाली. आमच्या मोरीतला नळ कित्येक वर्षं टपटपत होता. प्लंबरच्याच घरचा नळ गळका, यावरून आईने आयुष्यभर टोमणे मारले, पण बाबांना कधी वेळ झाला नव्हता. आणि एका सकाळी बघते तर हा माणूस ते पोट मांडीवर घेऊन स्टुलावर बसलाय आणि पान्याने नळ खोलतोय. आई हरखली. ‘बघ, बरं वाटायला लागलंय त्यांना.’ मलाही, खरं सांगते, तसंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. शर्टाची बटणं लावता येईनात. जीभ लाकडासारखी कोरडी. लघवी तर जवळजवळ बंदच झाली होती. मी दादाला एक शब्दही न विचारता रिक्षा आणली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘यांचं पाणी कुणी बंद केलं?’

दादा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मीच सगळं सांगितलं, मेन कॉकसकट.

त्यांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. ‘अहो, जलोदर हे आजाराचं नाव नाही. आतड्यांच्या भोवती पाणी साचतं, त्याला जलोदर म्हणतात. ते प्यायलेलं पाणी नव्हे! यांचं यकृत जुन्या काविळीने कडक झालंय. त्यातून रक्त पुढे सरकत नाही, मागे दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. मीठ ते अंगात धरून ठेवतं. काही जणांचं पाणी आम्ही कमी करतो, यांचं करायची गरज नव्हती. वरून लघवीची गोळी चालू आणि खाली मूत्रपिंडं वाळत चाललेली. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर यांना घरी न्यायला मिळालं नसतं.’

मी दादाकडे बघितलं. दुसरीकडे कुठे असते तर त्याला पान्यानेच हाणलं असतं.

शिरेतून औषधं सुरू झाली. बाबा भानावर आल्यावर बाईंनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. पिवळसर, बाटल्यांवर बाटल्या. बाबा ते पडल्यापडल्या बघत होते. मी त्यांना बाईंनी सांगितलेलं सगळं परत समजावलं.

‘म्हणजे बॅकप्रेशर,’ ते म्हणाले.

‘हो, बॅकप्रेशर! जन्म गेला तुमचा त्यात! तेव्हा नाही सुचलं?’

पाणी पुन्हा भरेल, पुन्हा काढावं लागेल, यकृत काही नवं होणार नाही, हेही मी सांगितलं. ते त्यांना आधीच कळलं असावं.

मग नर्स म्हणाली, आता यांना पाणी द्या. मी ग्लास भरला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात, डोळे मिटून, तळापर्यंत संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. रिकामा ग्लास त्यांनी तसाच माझ्यापुढे धरला.

माझा पाराच चढला. ‘एवढी तहान होती तर बोलायचं नाही? तोंडाला काय बूच मारलं होतं?’

‘बोललो असतो तर तुझ्या आईने दिलं असतं,’ ते म्हणाले. ‘तो मोरीतला नळ... रात्रभर टपटपायचा गं. ऐकवेना. म्हणून दुरुस्त केला.’

दादा उठून बाहेर गेला. मला त्या दोघांना अजून खूप बोलायचं होतं, आठवडाभर पुरेल इतकं. मी दुसरा ग्लास भरला.