धाकटीचा कच्चा टाका

मित्रांनो, मी एक जुनी अपग्रेड डिस्क आहे. जुनी म्हटलेलं मला खुशाल चालतं. अंगावरचे ओरखडे मी मिरवते. पण ‘नुसती अपग्रेडची’ असं कुणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. डिस्कचं डोकं फिरायचंच, असं म्हणून हसू नका. मी आज रागातच बोलणार आहे.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो. कम्प्युटर जिच्या जोरावर चालतो, ती ऑपरेटिंग सिस्टीम माझ्यात अथपासून इतिपर्यंत भरलेली होती. शेजारच्या खोक्यातल्या ‘संपूर्ण’ डिस्कमध्येही नेमकं तेच होतं. फरक एवढाच, की माझ्या खोक्यावर छापलं होतं, ‘फक्त जुन्या सिस्टीमवर चढवण्यासाठी’. म्हणजे घरात थोरली असेल तरच धाकटीने उंबरा ओलांडायचा! हा नियम करताना मला कुणी विचारलं नव्हतं.

मी आले ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात. दुकान काकांचं. त्यांनी मला कम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टीमवर चढवलं आणि काम चोख झालं. “वा, आता कशी गाडी पळायला लागली!” काका म्हणाले, आणि मी मूठभर मांस चढल्यासारखी फुगले. मग मला खोक्यात ठेवलं, ते कायमचं.

दोन वर्षांनी काका गेले. दुकान काकूंवर आलं. काकूंनी मला खोक्यातून काढलं, पण कम्प्युटरसाठी नव्हे. खिशांचे गोल कोपरे आखायला त्यांना माझ्याएवढीच गोलाई हवी होती. त्या मला कापडावर ठेवायच्या आणि कडेने खडूची रेघ ओढायच्या. आधी मला फार अपमान वाटला. पुढे पाहिलं, तर माझ्या रेघेवर कापलेला एकही खिसा वाकडा गेला नव्हता. मग मी तोंड वाकडं करणं सोडलं.

आणि एके दिवशी कम्प्युटर कटकट आवाज करत बंद पडला. शाळा उघडायला आठ दिवस होते आणि दोनशे बारा मुलांचे गणवेश बाकी होते. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, हार्ड डिस्क गेली. त्याने नवी, कोरी करकरीत बसवली. मुलांची मापं तेवढी वाचली, कारण काकू दर शनिवारी ती पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायच्या. पण मापांवरून कापायचे नमुने छापणारा प्रोग्राम याच कम्प्युटरवर चालायचा, आणि कम्प्युटर तर पाटीसारखा कोरा.

दुरुस्तीवाल्याने मला आत घातलं, खोक्यावरचा नंबर टाकला, आणि मान हलवली.

“काकू, ही अपग्रेडची आहे. म्हणते, आधी जुनी सिस्टीम दाखवा. ती तर गेली. संपूर्ण डिस्क मागवतो, पंधरा दिवस लागतील.”

काकूंचे दीर दारातच उभे होते. त्यांना गोदामाला जागा हवी होती, आणि त्यांचे डोळे केव्हापासून दुकानाच्या भिंती मोजत होते.

“वहिनी, आता उगाच हट्ट करू नका,” ते म्हणाले. “दादा होता तोवर ठीक होतं. तुम्ही त्याच्या हाताखाली काजं-बटणं करायच्या. एकटीनं दुकान चालवणं म्हणजे खायचं काम नाही. हे काम दुसऱ्याला द्या आणि जागा मोकळी करा.”

मित्रांनो, माझा नुसता संताप झाला. मला जे सांगितलं जात होतं, तेच काकूंनाही सांगितलं जात होतं. अठरा वर्षं त्या दुकानातला प्रत्येक कॉलर काकूंच्या हातून गेली होती!

काकूंनी मऊ कापडाने माझ्यावरचा खडू पुसला. मधून कडेकडे, सरळ. दुरुस्तीवाल्याला विचारलं, “नंबर न टाकता पुढे जाता येतं का?”

“येतं. पण ते कच्चं काम. तीन दिवस चालेल आणि बंद पडेल.”

“मला कच्चंच हवंय. कापडावर एकदम पक्की शिलाई मारतं का कुणी? आधी कच्चा टाका, मग त्याच्यावरून मशीन.”

“अहो काकू, हे कापड नाही.”

“मग बसा बघत.”

काकांनी जुन्या सिस्टीमची पावती जपून ठेवली होती, त्यामुळे हक्कात कुठे खोट नव्हती. नंबराची जागा काकूंनी रिकामी सोडली. मी फिरू लागले. निम्म्याच्या पुढे एका ओरखड्यावर अडखळले. पडद्यावरचा आकडा हलेना. दीर घड्याळ बघून हसले. मी दातओठ खाऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहिले, आणि अखेर आकडा सरकला. चाळीस मिनिटांनी कम्प्युटर जागा झाला. झाला कच्चा टाका.

मग त्या चालू कम्प्युटरमध्येच काकूंनी मला पुन्हा सुरू केलं. या वेळी ‘अपग्रेड’ निवडलं आणि नंबर टाकला. मी थोरलीला शोधू लागले. थोरली होती! आत्ताच उतरलेली मीच ती. नंबर मुकाट्याने मान्य झाला.

दुरुस्तीवाल्याने खिशातून वही काढून सगळं लिहून घेतलं, आणि नमुने छापणारा प्रोग्राम पुन्हा बसवून दिला. दुसऱ्या दिवशी दीर टेप घेऊन आले, तेव्हा छापलेले नमुने जमिनीपर्यंत लोंबत होते.

“कुणी करून दिलं हे?” त्यांनी विचारलं.

“आम्ही दोघींनी,” काकू म्हणाल्या. दीर दुसरी बाई कुठे दिसते का ते बघत राहिले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोनशे बारा गणवेश गेले, आणि गोदामाला जागा त्यांनी दुसरीकडे शोधली.

आता मी पुन्हा कापायच्या टेबलावर आहे, पण खडूनंतर मला रोज पुसून खोक्यात ठेवतात. मित्रांनो, मला तुमची दया नको. मला कडेने धरा, ओरखडे पाडू नका, आणि दर शनिवारी तुमची मापं उतरवून ठेवा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, की आधाराला थोरलं कुणी असल्याशिवाय तुम्ही उभेच राहू शकत नाही, तर वाद घालू नका. एक कच्चा टाका घाला. मग त्याच्यावरून पुन्हा जा.