निरोगी रक्ताची नळी

आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरचा धोका वाढवणारे, आईवडिलांकडून येणारे जनुकांतले दोष शोधतात. तुलनेला निरोगी रक्त लागतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच हात पुढे केला. माझ्याच नळीत दोष निघाला, तेव्हा मी तंत्रज्ञाला फैलावर घेतलं. "नळ्यांची अदलाबदल केलीस. फेकून दे!" त्याने नव्याने रक्त घेतलं, पुन्हा तेच. मी तीही नळी फेकायला लावली.

आणि रोज दोष निघालेल्या परक्या बायकांना बजावत राहिले, बहिणींनाही तपासायला आणा. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

काल माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली.

"ताई, तू याच कामात ना? आधी कळलं नसतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.