मावशी, भाची आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. गंमत अशी, की मला नाव कुणी दिले नाही. नावे मात्र पुष्कळांनी ठेवली. मी मासे धरायला जात नाही, की माणसांना पलीकडे पोचवत नाही. मी शर्यतीची, दोघांनी वल्हवायची कयाक. अंगाने निमुळती, आणि इतकी हलकी की दोन मुली मला सहज खांद्यावर घेतात.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात कापडाचे थर, त्यांवर चिकट राळ, मग घासणे आणि पुन्हा घासणे. "पाण्याला कळतासुद्धा कामा नये, ही आली म्हणून," माझ्यावरून हात फिरवत कारागीर म्हणाला. तिथून मी तलावाकाठच्या क्लबात आले आणि मला मावशी-भाचीची जोडी मिळाली.

मावशी भाचीहून थोडीशीच मोठी. माझ्यात पुढे बसणारी वल्ह्याचा ठेका ठरवते आणि पायाने सुकाणू फिरवते. मागचीने तिच्याबरोबर हात चालवायचे. पुढची जागा अर्थातच मावशीची. सुरुवातीला आम्ही तिघी पाण्यावर कमी आणि पाण्यात जास्त असायचो.

"मावशी, तू हललीस."

"पाण्यात मावशी म्हणू नकोस गं. एवढा मान दिलास की मी अवघडते."

हळूहळू हात जुळले. आम्ही शर्यती जिंकू लागलो, लोक माझे फोटो काढू लागले आणि मी जरा शेफारलेच. पण भाची झपाट्याने वाढत होती. मागे बसून तिला हात आवरावे लागत. एक दिवस प्रशिक्षकबाई म्हणाल्या, "उद्यापासून जागा बदला."

त्या संध्याकाळी मावशीने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले. दुसऱ्या दिवशी भाची काठावरच घुटमळत उभी राहिली, तेव्हा मावशीनेच पाय टेकायची पट्टी तिच्या लांब पायांसाठी पुढे सरकवली. "बस. आणि सारखी मागे बघू नकोस. मी आहेच."

मग आली देशाच्या संघासाठीची निवड शर्यत. पहिल्या तीन जोड्यांनाच संधी होती. अर्ध्या वाटेवर माझ्या सुकाणूत पाणवेल गुरफटली आणि मी डावीकडे ओढली जाऊ लागले.

"मावशी, ही वळतच नाहीये."

"तू नुसती वल्हे मार. सरळ मी ठेवते."

आणि तिने ठेवले. भाचीचा ठेका न चुकवता तिने डावीकडचा प्रत्येक हात दुप्पट जोराने ओढला. आम्ही तिसऱ्या आलो, तेही माझ्या नाकाच्या शेंड्याएवढ्या फरकाने. काठावर आल्यावर मावशीला टॉवेलही धरवेना. भाचीने तिचे केस पुसून दिले. दोघी हसत होत्या की रडत होत्या, हे मला ओल्या अंगामुळे ओळखता आले नाही.

पुढे दोघी देशोदेशी खेळल्या. काही वर्षांनी मावशीचा खांदा कुरकुरू लागला, तेव्हा ती थांबली आणि भाची एकटीच्या कयाकमध्ये बसू लागली. मी शेडच्या कोपऱ्यात गेले. माझ्या पोटात कुणी बादल्या ठेवल्या, कुणी तुटकी वल्ही. वाईट वाटले नाही म्हणाले, तर ते खोटे होईल. भाचीच्या बातम्या कानावर येत. जगाच्या मोठ्या स्पर्धेतून आली, तेव्हा ती शेडच्या दारातूनच म्हणाली, "मावशी, सगळ्यांत शेवटी आले. पण अंतिम शर्यतीत शेवटी आले."

"मग काय, आठ जणींत कुणीतरी शेवटी येणारच की," मावशी म्हणाली, आणि तिला घट्ट जवळ घेतले.

आता मावशी क्लबात शिकवते. तिनेच मला बाहेर काढले, भेगा बुजवल्या, पुन्हा पाण्यात सोडले. हल्ली माझ्यात दोन सख्ख्या बहिणी बसतात आणि दिवसातून बऱ्याचदा मला उलटवतात.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी नाव असेल, तर काम झाल्यावर तिच्या पोटातले पाणी काढा, तिला पुसा, सावलीत पालथी ठेवा. आणि जोडीदाराशी काठावर हवे तेवढे भांडा; पाण्यात उतरलात की मात्र दोघांची वल्ही एकदम पडू द्या. एवढे केलेत, तर बाकीचे मी बघते.